निवृत्तीमामांची फर्स्ट शिफ्ट

सकाळी सहा वाजले की निवृत्तीमामा शिट्टी वाजवतात आणि त्यांच्या कोंबड्या कामावर जातात.

'कामावर जातात' हे मी चेष्टेनं म्हणत नाही. मामा खुराड्याचं दार उघडून बाजूला उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कोंबडीकडे अशा नजरेनं बघतात की उशिरा निघालेली मान खाली घालूनच जाते. ऊन चढलं, दाणे टाकले, की लंच. संध्याकाळी खुराड्यात शिरताना 'पंचिंग करा, पंचिंग'. एखादी शेवग्याच्या फांदीवर चढून बसली तर खालून मामांचा आवाज येतो, 'ओव्हरटाइम न्हाई. उतर खाली.'

कारेगावात शिट्टीला कुणी दचकत नाही. इथं निम्मं गाव कुठल्या ना कुठल्या शिफ्टला जातं आणि उरलेलं निम्मं त्यांना खोल्या भाड्यानं देतं. मी या दोन्हींत बसत नाही. कंपन्यांच्या शेडचे जुने पत्रे, अँगल, दारं-खिडक्या विकत घ्यायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. सायकलवर भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली. आज गोडाऊन आहे, दोन मजली घर आहे, आणि यातली वीट न् वीट मी भाव पाडून आणलेली आहे. आमची मंगल पाहुण्यांना सांगते की लग्नात भटजींनी सप्तपदी म्हटल्यावर यांनी विचारलं, पाचात नाही का बसणार? हे साफ खोटं आहे. मी सहा म्हणालो होतो.

मामा गेल्या हिवाळ्यापर्यंत आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर राहायचे. प्लॉटचा मालक पुण्यात. जागेवर कुणी टपरी टाकू नये म्हणून त्यानं मामांना तिथं पत्र्याची एक खोली बांधून दिली होती. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. खोलीपुढं वांगी, मिरच्या, कुंपणावर दोडक्याचा वेल, आणि सगळीकडे कोंबड्या.

नाव निवृत्ती, पण निवृत्त ते कधी झालेच नाहीत. एका कंपनीत पॅकिंगला होते, जन्मभर कंत्राटी. कंत्राटदार बदलले, कंपनीच्या गेटवरची पाटी बदलली, मामा त्याच टेबलाशी खोकी बांधत राहिले. परमनंट माणसाला शेवटच्या दिवशी शाल-नारळ मिळतो. मामांचा एका सकाळी गेटवर पास चालला नाही, एवढंच. हे सांगताना त्यांना हसू येतं. "आईबापानं नावातच देऊन ठेवली व्हती निवृत्ती," ते म्हणतात, "कंपनीनं आनखी येगळी कशाला द्यायची?"

त्यामुळे असेल, पण त्यांच्या प्लॉटवर नियम कडक. पिल्लू म्हणजे अप्रेंटिस. अंडी द्यायला लागली की ट्रेनी. खुडूक बसून पिल्लं काढली की परमनंट. आणि परमनंट कोंबडी कापायची नाही, विकायची नाही, अंडी बंद झाली तरी तिचे दाणे बंद करायचे नाहीत. कुत्रा होता तो सिक्युरिटी, कारण दिवसभर फाटकात झोपायचा आणि साहेब दिसला की उठायचा. मांजर क्वालिटीत. "काम काय करत न्हाई," मामा सांगायचे, "नुसतं हुंगतंय आन् रिजेक्ट मारतंय."

माझं आणि मामांचं भांडण मेथीवरून सुरू झालं.

मला बागेचा शौक नाही. पण शिरूरच्या आठवडे बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून मी एका म्हातारीशी असा काही भांडलो, की मंगलनं माझ्याबरोबर बाजाराला यायचं बंद केलं आणि तिथून पुढं भाजीवाल्या मला बघून जुड्या पोत्याखाली सरकवू लागल्या. म्हटलं, मग घरचीच पिकवू. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले. खत, पाणी, जाळी, सगळं धरलं तर ती मेथी केशराच्या भावानं पडत होती, पण कुणी मला बघून जुड्या लपवत नव्हतं हे समाधान होतं. बागेत एकच अडचण, घासाघीस करायला समोर कुणी नसतं.

मेथी बोटभर झाली आणि एका सकाळी मामांची काळी कोंबडी कुंपणाखालून आली. मी दात घासून येईपर्यंत तिनं अख्खा वाफा उकरून त्यात धुळीची अंघोळ उरकली होती. मी काठी घेऊन तशीच तिला मामांच्या दारात नेली आणि जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की आरोप गंभीर आहे, चौकशी लावावी लागेल.

मला वाटलं टाळतायत. पण त्यांनी मला खरोखर बादली पालथी घालून बसवलं, कोंबडी मांडीवर घेतली आणि मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोंबडी आत शिरताना मी स्वतः बघितली का? जाळीला भोक आधीपासून होतं का? ती जाळी कुणी लावली? जाळी माझ्याच गोडाऊनातली, गंजलेली, कुणी घेत नव्हतं म्हणून लावलेली. एवढं कबूल केल्यावर चौकशीत आरोपी कोण हेच मला कळेना. शेवटी कोंबडीला दिवसभर डालग्याखाली सस्पेंड केलं आणि मला जाळी बदलायची समज मिळाली. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, केस जिंकलो.

पण मेथीचं मी एकवेळ सोडून दिलं असतं. कोंबड्याचं सोडलं नव्हतं.

मामांकडे एक तांबडा कोंबडा आहे. मुलीचे सासरे, आमचे व्याही, दौंडचे. खाण्याच्या बाबतीत माणूस चिकित्सक. ते पहिल्यांदा जेवायला येणार होते, आणि मी फोनवर बोलून बसलो होतो की शेजारचा अस्सल गावरान कोंबडा तुमच्यासाठी हेरून ठेवलाय. आदल्या दिवशी मी मामांकडे गेलो. धंद्याचा पहिला नियम, माल आवडला तर आधी नावं ठेवायची. म्हटलं, मामा, कोंबड्याचा तुरा वाकडा दिसतोय.

व्हय, मामा म्हणाले, वाकडाच हाय.

म्हटलं, अंगात काही नाही, नुसती पिसं आहेत. तेही त्यांना पटलं. वय झालं असेल, शिजायचा नाही. मामा म्हणाले, गॅस संपंल पण शिजायचा न्हाई. एका पायानं लंगडतो सुद्धा, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग माझ्याकडे काळजीनं बघत म्हणाले, "मग एवढा बाद माल कशाला घेता, शेठ?"

तीस वर्षांच्या धंद्यात माझा गळा माझ्याच दोरीनं कुणी आवळला नव्हता. मी सरळ विचारलं, काय घेणार ते बोला. मामांनी मान हलवली. एका रात्री खुराड्यात मुंगूस शिरलं होतं, त्याला या कोंबड्यानं एकट्यानं अडवलं, पाय त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला कन्फर्म केलं. "परमनंट हाय त्यो," मामा म्हणाले. विषय संपला.

व्याह्यांना मी ब्रॉयलर घातला. त्यांनी पहिला घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गावरान हाय व्हय? लई मऊ शिजलाय." मुलीनं ताटातून मान वर काढली नाही. तिकडे कुंपणापलीकडे तो लंगडा तांबडा त्याच वेळी आरवला. त्या दिवसापासून मी मामांशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे, रोज सकाळी शिट्टी वाजली की खिडकीतून ओरडायचो तेवढंच.

मग गेल्या हिवाळ्यात प्लॉट विकला गेला.

नव्या मालकाला खोल्यांची इमारत उठवायची होती. मामांना निरोप आला, संक्रांत झाली की जागा मोकळी करा. कुत्रा आणि मांजर यांची सोय समोरच्या गॅरेजवाल्याकडे झाली, कारण दोघांनाही काम नव्हतं आणि गॅरेजवाल्याकडेही नव्हतं. प्रश्न कोंबड्यांचा होता. हायवेच्या ढाब्यावरून माणूस आला, सगळ्या एकदम नेतो म्हणाला. मामांनी त्याला विचारलं, नेऊन काय करणार? तो हसला. मामांनी फाटक लावून घेतलं. बाजूच्या खोल्यांतली बिहारची पोरं आली, दो-तीन दे दो चाचा म्हणाली. मामा म्हणाले, एका शिफ्टच्या हायेत, फोडायच्या न्हाईत.

हे सगळं मी खिडकीतून बघत होतो. मनात म्हणत होतो, आता येईल म्हातारा. धंद्यात गरजू माणूस शेवटी ज्याच्याकडे यायला नको वाटतं त्याच्याकडेच येतो.

आला. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळच्या वेळेला, अंगात कंपनीचा तो जुना निळा शर्ट घालून मामा मागच्या ओट्यावर येऊन बसले. कोंबड्या तुम्ही ठेवून घ्या, म्हणाले. दाणे, पाणी, खुराडं, सगळं त्यांचं तयार होतं, फक्त जागा माझी.

मी काय सोडतो? वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक दुकानात चालून आलं होतं. म्हटलं, मेथीच्या वाफ्यात एक पाय पडलेला चालणार नाही. मामा म्हणाले, बरं. म्हटलं, अंडी माझी. बरं. म्हातारी होऊन अंडी बंद झालेली मी पोसणार नाही. मामा जरा थांबले. मग तेही बरं म्हणाले. माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, आणि आखाडात तांबडा कापणार. आधीच सांगतो, नंतर कटकट नको.

मामांनी शर्टाची बाही खाली ओढली, परत वर केली. "घ्या," ते म्हणाले. "त्योबी घ्या. बाकीच्या तेवढ्या संभाळा."

मला धक्काच बसला. समोरचा असा पटापट भाव सोडायला लागला की समजावं, मालात काहीतरी लपलंय. मी विचारलं, मामा, तुम्ही कुठं चाललाय? म्हणाले, यवतला पुतण्या असतो. पुतण्यानं ये म्हटलंय का? म्हणाले, नको बी म्हटलेलं न्हाई.

मग जायला उठले. पायरीवर थांबून त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"सकाळी सहाला वाजवायला इसरू नका, शेठ. न्हाई वाजली तर त्या आतच बसून ऱ्हात्यात. दार उघडं असलं तरी. त्यास्नी वाटतंय ब्रेक दिला."

ब्रेक म्हणजे काय हे कारेगावात लहान पोरालाही कळतं. कंत्राटी माणसाची नोकरी सलग भरू नये म्हणून मधेच त्याला काही दिवस घरी बसवतात. परत बोलावतील की नाही ते कुणी सांगत नाही. मी विचारलं नव्हतं, तरी मामा पायरीवर उभ्या उभ्या सांगू लागले. ब्रेकमध्ये ते रोज पहाटे उठायचे, अंघोळ करायचे, हाच शर्ट घालायचे आणि डबा घेऊन दारात बसायचे. बायको म्हणायची, अहो, बोलावणं आलेलं नाही. तिला म्हणायचे, आलं तर? दुपारी दोघं मिळून तो डबा खायची. ती गेल्यावर एकटेच खायचे. कोंबड्या पाळल्यापासून निदान समोर कुणीतरी खायला असायचं.

मी शिट्टी घेतली नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी धंद्याचं बोलतो. म्हटलं, मामा, हा सौदा मला परवडत नाही. मी आजवर बिगर ऑपरेटरचं मशीन विकत घेतलेलं नाही. कोंबड्या घ्यायच्या तर ऑपरेटरसकट घेईन. गोडाऊनला लागून खोली आहे, पत्रा नवा आहे, माझ्या धंद्यातला एकमेव नवा पत्रा. पटत असेल तर बोला, नाहीतर हायवेचा ढाबेवाला आहेच.

मामा परत ओट्यावर बसले. हातातली शिट्टी इकडून तिकडे करत राहिले. मला वाटलं, आता हा म्हातारा घासाघीस करणार, आणि मी तयार होतो. पण त्यांनी माझ्याकडे न बघता, नव्या कंत्राटदाराला विचारावं तसं अगदी साधं विचारलं.

"आन् ब्रेक कवा द्येनार?"

मी उगाच अंगणातल्या मेथीकडे बघत बसलो. मंगल आतून चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. कप मामांच्या हातात देत ती म्हणाली, "ब्रेक-बिक काय न्हाई, मामा. साखर पुरली का बघा."

मामांनी आधी शिट्टी परत खिशात ठेवली. चहा निवेपर्यंत कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले.