अण्णारावांचा कोट

माणूस कितीही मोठा असो, महिपती घाटुळे बोलल्याशिवाय सोलापुरात तो मेला असं कुणी धरतच नसे! निदान महिपतीचं मत तरी असंच होतं.

महिपती गिरणीत हजेरी कारकून. पण ते पोटापुरतं. त्याचा खरा धंदा शोकसभेचा. तेलवाणी बोळातल्या 'कलाप्रेमी मंडळा'चा तो कार्यवाह, वक्ता, सतरंजी पसरणारा आणि गुंडाळणारा. सकाळी रेडिओवरची बाई बातम्या द्यायला लागली की हा दाढीचा ब्रश गालावरच धरून उभा. एखादा नट, गवई, शाहीर गेल्याचं कानावर पडलं की चेहरा आधी दुःखानं पडायचा आणि लगेच कामाच्या उत्साहानं उजळायचा.

त्या उन्हाळ्यात तर नुसती सुगी होती. आधी लावणीगायिका चंद्रप्रभा भाळवणीकर गेल्या. पाठोपाठ शाहीर धोंडी वाकावकर. आणि वैशाखाच्या ऐन तडाख्यात विनोदी नट राजाराम घोसपुरे!

"गेला गं घोसपुरे!" महिपती ओरडत स्वयंपाकघरात आला.

"मग मी काय करू?" प्रेमला म्हणाली. ती नुकतीच पाणी घेऊन आली होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, हातात बादली. बाहत्तरचा दुष्काळ सरून वर्षं झाली, सगळ्या पेठेत नळ आले, पण तेलवाणी बोळात अजून नळाचा पत्ता नव्हता. चार गल्ल्या ओलांडून, रांगेत भांडून, घसा कोरडा करून पाणी आणायचं. तिची मान आखडली होती, गुडघे बोलत होते, आणि नवरा मेलेल्यांच्या मागं!

"अगं, असा माणूस पुन्हा होणे नाही. आपल्या घरी बसून त्यानं भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्लेली."

"कवा?"

"म्हणजे... सभेत तसं सांगावं लागतं."

"त्या भाळवणीकरीण बाई बी हितंच जेवल्या, शाहीर बी हितंच जेवले. एवढी माणसं जेवली तर त्यांना पाणी कुणी भरलं वो?"

 महिपतीनं हुकमाचं पान काढलं.

"ह्या सभेला नगरसेवक अण्णाराव अध्यक्ष हायेत. म्हणालेत, सभा जोरात झाली आणि पेपरात आपलं नाव आलं, तर बोळात नळ आलाच म्हणून समज."

प्रेमलेनं बादली खाली ठेवली. "खरं?"

"शप्पथ!"

"मग करा बाई सभा. मी बी येते रडायला," ती म्हणाली, आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तिनं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला.

आता शोकसभा म्हटली की तसबीर पाहिजे. तसबिरीशिवाय हार घालायचा कुणाला? आणि मंडळाकडं तसबीर होती एकच. अण्णाराव निवडून आले तेव्हा मंडळानं त्यांचा सत्कार केला होता, त्या वेळची. चांगली दाराएवढी, सोनेरी चौकटीची, तैलरंगातली. काळा कोट, खांद्यावर शाल, वर अण्णाराव. सत्कार झाला आणि तसबीर मंडळाच्या खोलीत पडून राहिली. पुढं पहिली शोकसभा आली तेव्हा महिपतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा येडू त्याच्या ओळखीचा. तो रंगाची भुकटी सरसात कालवून मोठमोठी तोंडं हां हां म्हणता काढायचा. महिपती म्हणाला, "येडू, कोट राहू दे. नुसतं तोंड बदल!"

तेव्हापासून तीच चाल पडली. कलावंत कुठलाही असो, सोलापुरातून स्वर्गात जाताना अण्णारावांचाच कोट घालून जायचा! चंद्रप्रभाबाईसुद्धा काळ्या कोटात, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, शाल पांघरून बसल्या होत्या. लोक म्हणाले, काय करारी बाई होती!

अण्णाराव मधूनमधून विचारायचे, "आमची तसबीर कुटं ठेवलीस रे?"

"जपून ठेवलीय साहेब. धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलीय."

हे काही खोटं नव्हतं. झाकलेलीच होती.

सभेच्या दिवशी ऊन असं की कावळे झाडावर जीभ काढून बसलेले. येडूनं दुपारी घोसपुऱ्यांचं तोंड रंगवलं. खाली शाहिरांच्या मिशा होत्याच, त्या तशाच ठेवल्या आणि फक्त नाक फुगवलं.

"आधीचं पुसून घ्यायचंस की!" महिपती म्हणाला.

"कशाला? दाट बसतोय की रंग," येडू म्हणाला. "फकस्त पाण्यापास्नं जपा."

हे शेवटचं वाक्य महिपतीनं ऐकलं नाही. तो हाराच्या काळजीत होता. झेंडूचा हार, मांडीएवढा जाड, पण उन्हानं मलूल झालेला. अध्यक्षांसमोर सुकलेला हार? मग नळाचं काय? तो तडक घरी गेला आणि प्रेमलेनं चार गल्ल्यांवरून आणलेल्या बादलीत अख्खा हार बुडवून ठेवला.

"अवो, माझं पिण्याचं पाणी!"

"नळासाठीच चाललंय सगळं!" असं ओरडत तो निथळता हार खांद्यावर टाकून पळाला.

सभा गच्च भरली. पुढच्या ओळीत केराबाई. ही बोळातली म्हातारी कुणाच्याही शोकसभेला यायची आणि मेलेला कोण हे न विचारता मन लावून रडायची. तिच्या शेजारी पाणीखात्याचे साहेब, मल्लप्पा. घोसपुऱ्यांचे जुने चाहते, डोळे आधीच ओले. मागं बायकांत प्रेमला.

अण्णारावांनी आल्या आल्या तसबिरीला हार घातला. म्हणाले, "लई मोठा माणूस होता. पुढचं महिपती सांगतील." आणि मागच्या दारानं सटकले. दुधनीला पाहुण्यांकडं लग्न होतं, जीप उभीच होती. जाता जाता महिपतीच्या कानात म्हणाले, "पेपरवाल्याला सांग, शेवटपर्यंत बसलो होतो."

महिपती उभा राहिला. खाकरला. "बंधूंनो आणि भगिनींनो! राजारामभाऊ माझ्या घरी आले तेव्हा..."

भाषणात भाकरी तव्यावर होती, चटणी ताटात आली होती, तेवढ्यात पोरांच्या ओळीत खसखस पिकली. महिपतीनं मागं वळून पाहिलं. घोसपुऱ्यांची एक मिशी हनुवटीवर आली होती! हाराचं पाणी झिरपत होतं आणि नाक हळूहळू कोटाच्या खिशाकडं निघालं होतं. कपाळातून चंद्रप्रभाबाईंचं कुंकू वर येत होतं.

"अगं बया, मेलेला माणूस घामाघूम झालाय!" कुणीतरी म्हणालं.

महिपतीला घाम फुटला. सभा हातची गेली तर नळ गेला, नळ गेला तर प्रेमला घरात राहू द्यायची नाही! काहीतरी करायला पाहिजे होतं.

"आता सर्वांनी उभं राहून, डोळे मिटून मौन पाळायचंय!" तो ओरडला. "कुणीही डोळे उघडू नयेत! उघडले तर आत्म्याला शांती मिळणार न्हाई!"

सभा उभी राहिली. डोळे मिटले. महिपतीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तसबिरीवर तुटून पडला. मिशी पुसायला गेला तर नाक गेलं. नाक सावरायला गेला तर कुंकू पसरलं. कुंकू खरवडलं तर शाहिरांचा फेटा निघाला. तोही पुसला. पुसता पुसता सगळं निघालं, आणि खालून तैलरंगातले अण्णाराव, पक्क्या रंगाचे, ताजेतवाने, गळ्यात झेंडूचा हार घालून महिपतीकडं बघून हसायला लागले.

पहिल्यांदा डोळे उघडले केराबाईनं. तिनं तसबीर बघितली. अध्यक्षांची रिकामी खुर्ची बघितली. आणि जी किंकाळी मारली म्हणता!

"अगाई गं! अण्णाराव गेलं गं! आत्ता हितं बसलं हुतं गं!"

सगळ्यांनी डोळे उघडले. समोर हार, उदबत्ती आणि अण्णाराव. खुर्ची मोकळी. झालं! कुणी म्हणालं, जीपला अपघात झाला. कुणी म्हणालं, छातीत कळ आली, म्हणून तर मागच्या दारानं गेले. एका माणसानं तर कळ येताना बघितलंसुद्धा होतं. मल्लप्पा मटकन खालीच बसले. "अय्यो शिवने! किती चांगला माणूस!"

आता खरं सांगायचं म्हणजे कोटाची सगळी कथा सांगावी लागणार. जिवंत नगरसेवकाच्या तोंडावर मेलेले रंगवत होतो, हे भर सभेत कसं कबूल करायचं?  समोर पाचपन्नास माणसं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती. असा श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. आणि मग जे व्हायचं तेच झालं. जित्याची खोड!

"बंधूंनो!" त्याचा आवाज आपोआप कापरा झाला. "काय सांगू! अण्णाराव माझ्या घरी बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खात होते. खाता खाता ठसका लागला. घरात पाण्याचा थेंब न्हवता! डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, महिपती, ह्या बोळात नळ आला पाहिजे. हीच माझी शेवटची इच्छा!"

सभा हुंदक्यात बुडाली. मल्लप्पा उठले, डोळे पुसले आणि गरजले, "साहेबांची इच्छा उद्याच्या उद्या पुरी करतो! त्यांचं स्मारक म्हणून!"

आणि केलं की हो! जो नळ अर्जांच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं निजला होता, तो सकाळी बोळाच्या तोंडाशी उभा. माणसं खणत होती, पाइप जोडत होती, मल्लप्पा जातीनं उभे. वर येडूच्या हातची ताजी पाटी: 'कै. अण्णाराव स्मारक नळ'. मल्लप्पांनी चावी फिरवली. नळ खोकला, शिंकला, आणि भळाभळा पाणी!

पहिला हंडा प्रेमलेचा. धार हंड्यात पडायला लागली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "अवो, तुमी लई गुणाचं हाय!" ती भर बोळात नवऱ्याला म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं ती कधी म्हणाली नव्हती. महिपतीची छाती फुगली.

हंडा अर्धा झाला आणि बोळाच्या तोंडाशी जीप थांबली. डोक्याला लग्नाचा फेटा, तोंडात पान, अण्णाराव उतरले! केराबाई "भूत!" म्हणून जी पळाली ती थेट देवळात.

"कोण मेलंय?" अण्णाराव गरजले. "वाड्याबाहेर माणसं जमल्यात! विरोधी पार्टीचा उमेदवार पोटनिवडणुकीचा नारळ बी फोडून बसलाय! आणि ही पाटी कुणी लावली?"

सगळ्यांनी महिपतीकडं बघितलं. महिपतीनं हंड्याकडं बघितलं.

मल्लप्पा अण्णारावांना पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळत पुढं आले. "साहेब, तुमी खरंच जिवंत हाय?"

"मग तुला दिसतो कोण?"

"मग लई घोटाळा झाला की!" मल्लप्पांनी चावी आवळली. धार बारीक झाली, थेंब झाली, बंद झाली. "हा नळ स्मारकाच्या मंजुरीतला हाय. जिवंत माणसाचं स्मारक नियमात बसत न्हाई. आता परत पयल्यापासनं अर्ज करायचा, रांगेत थांबायचं."

"अवो, पण साहेब जिवंत असले म्हणून काय झालं? पाणी चालू दे की!" महिपती काकुळतीला आला.

"जिवंत माणसाच्या शब्दावर पाणी सोडायला लागलो तर माझी नोकरी जाईल!" मल्लप्पा म्हणाले.  अण्णारावांनी पाटी उपटली, जीपमध्ये टाकली आणि गेले.

 प्रेमलेनं अर्धा हंडा उचलला, कमरेवर घेतला आणि नवऱ्याकडं नीट बघत म्हणाली, "त्या येडूला सांगा, आता त्या कोटावर तुमचंच तोंड काढ म्हणावं. तेवढाच माझा हंडा भरल!"

महिपतीनं मान खाली घातली. बायकोची बोलणी त्याला लागली, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला काळजी पडली होती ती वेगळीच. सभा भरली, हार आला, तसबीर लागली, सगळं मान्य. पण आपल्यावर भाषण करायला ह्या सोलापुरात लायक माणूस आहे कोण!