गोड आवाजाची तक्रार

सराव घरापासून सुरू करायचा, एवढंच तर ठरवलं होतं तोफरावांनी! त्यात काय एवढं बिघडायचं होतं?

पाणीपुरवठा ऑफिसातल्या तक्रारखिडकीवर बसणाऱ्या या कारकुनाला सगळे तोफरावच म्हणत. मनात काही नसे हो बिचाऱ्याच्या, पण हाताची घडी, कपाळाला आठ्या आणि "काय आहे?" एवढं ऐकलं की नळ आपणच फोडलाय असं माणसाला वाटे. शेवटी खुद्द त्यांच्यावरच दोन तक्रारी आल्या. साहेब म्हणाले, "तिसरी आली की तळघरातली रेकॉर्ड रूम. फायलींना काय, कसंही बोला."

तोफराव हबकले. अठरा वर्षं खिडकीवर काढलेली. माणसांशिवाय (म्हणजे त्यांच्यावर डाफरल्याशिवाय) करमणार कसं? लगेच गोड बोलायला शिकवणाऱ्या एका दिवसाच्या शिबिराला जाऊन आले. पुढे झुकायचं, डोळ्यांत बघायचं, आवाज खाली ठेवायचा. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "आधी घरी करून बघा. पण सांगू नका, नाहीतर खरा परिणाम कळत नाही."

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. तोफराव झुकले, डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाले, "दमलीस का गं?"

सुरी थांबली. "काय झालं?"

"काही नाही. तू बोल. मी ऐकतोय."

"अहो, नोकरी गेली का?"

"छे गं." (मान किंचित तिरकी. शिबिरात दाखवली होती तश्शी.)

"आणि मानेला काय झालं? डॉक्टरांकडे गेला होतात ना? माझ्या गळ्याची शपथ, खरं सांगा!"

तोफरावांनी आवाज आणखी खाली आणला. जेवताना तर कहरच झाला. भाजी खारट ढोण, आणि हा गृहस्थ "छान झालीय" म्हणत गिळतोय! बायको भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर मात्र कमाल. "आजी, तुमचा नळ तो माझाच नळ," असं म्हणाल्यावर एका आजींनी तोंड भरून आशीर्वाद दिला. चार वाजता साहेबांनी बोलावलं. तोफराव कॉलर नीट करून गेले. कौतुकच असणार, दुसरं काय?

"तिसरी तक्रार आली," साहेब म्हणाले. "फोनवर."

"कुणाची?"

"तुमच्या मिसेसची. रडत होत्या. ह्यांना ऑफिसात काय केलंत, होते तसे करून द्या, म्हणाल्या."

"ही काय तक्रार झाली?" तोफराव असे गरजले की बाहेरची रांग चार पावलं मागे सरली.

साहेबांनी शांतपणे रजिस्टर उघडून शेरा लिहिला, 'निवारण झाले.' मग किंचित पुढे झुकून, तोफरावांच्या डोळ्यांत बघत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ही घ्या तळघराची किल्ली."