उभे प्रवासी अकरा

"तान्ह्या मुलाला आत नेता येणार नाही," समितीच्या दालनाबाहेरचा शिपाई म्हणाला, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

बाळ आजोबांच्या खांद्यावर होतं. आजोबांनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी केलेली. 'जागा नाही' हे वाक्य त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. स्वतः ऐकून घ्यायची सवय नव्हती.

शेजारी सून उभी होती, सरकारी इस्पितळातली नर्स. नर्सच्या टंचाईवर जो कायदा येऊ घातला होता, त्याच्यावर आज समिती बसणार होती. एका नर्सकडे सहापेक्षा जास्त रुग्ण द्यायचे नाहीत, आणि त्यासाठी लागतील तेवढ्या नर्स भरायच्या, असं त्यातलं चौथं कलम. ते राहणार की उडणार हे आजच ठरायचं होतं. वॉर्डाच्या वतीनं बोलायला तिला सात मिनिटं दिली होती. ती सात मिनिटं तिनं महिनाभर दुपटी पिळताना घोकली होती. बाळ अंगावर पीत असल्यामुळे ते बरोबर, आणि बाळाला धरायला आजोबा.

"तुमचा चेहरा लाल दिसतो हो," आजोबा शिपायाला म्हणाले. "बीपी आहे का?"

"कुणास ठाऊक. कधी बघितलंच नाही."

"मग आमची सून आहे ना! बघेल की. केवढंसं काम!"

"बाबा!" सून दबक्या आवाजात म्हणाली. पण सुनेचं कौतुक सांगताना बाबांच्या जिभेला हाड नसे. गल्लीतल्या निम्म्या दंडांना त्यांनी याच वाक्यानं तिच्या दारात आणलं होतं. दुपारी ड्युटी असल्यानं मशीन तिच्या पिशवीत होतंच. बत्तीस खाटांच्या वॉर्डात एकच मशीन, तेही रुसलेलं, म्हणून ती स्वतःचं बाळगायची.

शिपायाचं बीपी अगदी व्यवस्थित निघालं. त्यानं बाळाला आत सोडलं आणि ही बातमी टंकलेखिकेला सांगितली. टंकलेखिका बाही वर करूनच आली. तिच्यामागून दोन सदस्य आले. मग खुद्द अध्यक्ष.

"ताई, मलाही हल्ली गरगरतं जरा."

अध्यक्षांनाच नाही कसं म्हणणार? त्यांची बाही इतकी घट्ट की कोट, मग जाकीट, मग शर्टाची तीन बटणं, असं करत दंड सापडेपर्यंत बाळ भुकेनं रडायला लागलं. सुनेनं कोपऱ्यात पाठ वळवून त्याला घेतलं, पाजलं, परत आली. तोवर रांग दारापर्यंत गेली होती. आजोबांना राहवेना. "पुढे सरका, पुढे सरका! मधे जागा आहे!"

रांगेत शेवटी जाड चष्म्याचे सदस्य होते. चौथं कलम उडवायचा विडा उचललेले ते हेच. 'मनावर घेतलं तर एक नर्स तीस पेशंट हसत सांभाळते,' असं ते सगळीकडे सांगत.

"अहो, पाऊण तास उभा आहे मी!" ते कडाडले. "इथं काही व्यवस्था आहे की नाही? एकटी बाई, किती जणांना पुरणार?"

त्यांच्या दंडाचा पट्टा सुटला आणि अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "अरेरे! अकराला दालन दुसऱ्या समितीला द्यायचंय. ताई, तुमचं म्हणणं लेखी पाठवा. कलमाचं तेवढं आटपून घेऊ."

सुनेचा चेहरा उतरला. तो आजोबांनी पाहिला. आपणच बेल दिली, आपणच गाडी खड्ड्यात घातली!

"साहेब, एक मिनिट," ते उठले.

"आपण कोण?"

"मी बाळ धरणारा. कंडक्टर होतो. आमच्या बसला पाटी असायची: आसनं चव्वेचाळीस, उभे प्रवासी अकरा. बारावा चढला तर मी बेल देत नव्हतो, मग तो कुणाचा का मेहुणा असेना. आणि ते सगळे धडधाकट हो! हिच्या वॉर्डात बत्तीस आडवे असतात. तिथं पाटी नाही." मग त्यांनी सुनेकडे बोट केलं. "आता तिला बोलू द्या. चूक माझी आहे."

सून पट्टा गुंडाळत होती. घोकलेल्यातलं एकही वाक्य तिनं काढलं नाही.

"अकरा जण झाले," ती म्हणाली. "पन्नास मिनिटं लागली. आजारी कुणीच नव्हतं. साहेब, तुमचा नंबर अकरावा होता. सहाच्या पुढचे माझे पेशंटही असेच चिडतात. फक्त त्यांना उठून ओरडता येत नाही."

दालनात सगळ्यांच्या बाह्या अजून वरच होत्या. चष्मेवाल्यांनी आपली हळूच खाली केली.

"माझं किती निघालं?"

"एकशे साठ. ताटकळल्यावर वाढतं."

कलम उडवायची सूचना त्यांनी मांडलीच नाही.

कायदा झाला, भरती झाली, आणि वॉर्डाच्या दारावर पाटी लागली: 'एक परिचारिका, सहा रुग्ण'. आजोबा भेटीच्या वेळेत मुद्दाम जाऊन ती वाचून आले. दोनदा वाचली, रुमालानं पुसली, आणि पलीकडच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमच्या सुनेची आहे."

त्या संध्याकाळी सून घरी आली तेव्हा शेजारचे काका दंड उघडा टाकून कोचावर बसले होते, नवरा तुटलेलं बटण धरून उभा होता, आणि बाळानं घर डोक्यावर घेतलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवून मशीनकडे हात नेला.

"थांब," आजोबा म्हणाले. "काका, उतरा. गाडी भरली."

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, सून आली की बघेल म्हणून!"

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतोय. उद्या या, आणि गल्ली बरोबर आणू नका." मग मुलाकडे वळून, "आणि तू सुई शोध, दोरा शोध. हात आहेत ना दोन?"

त्यांनी बाळाला उचललं, सुनेला कोचावर बसवलं, आणि स्वयंपाकघराकडे चहा टाकायला जाताना बाळाच्या कानाशी हळूच म्हणाले, "टिंग टिंग."