मापाड्याची कॅसेट

किसनराव मापाडी कॅसेट घ्यायचा ती तूर पारखल्यासारखी. हिंगोलीच्या बसस्टँडजवळ एका हातगाड्यावर कॅसेटी मिळायच्या. लोक वरचं चित्र पाहून घ्यायचे आणि निघायचे. हा मात्र आधी सुरुवातीचं थोडं वाजवायला लावायचा, मग मधलं, मग शेवटचं, आणि मग बाजू उलटून पुन्हा तेच. पोत्यात परखी खुपसून आतले दाणे काढून पाहतात, तसं.

"वरचा माल सगळ्यांचाच चांगला राहतो अक्का," तो मला सांगायचा. "कीड मधात राहती. बराबर की न्हाई?"

अर्धा तास पारखून झाला की "माल हलका हाय" म्हणून निघून जायचा. शेवटी शेवटी तो लांबून दिसला की हातगाडीवाला कॅसेटींवर चादर ओढायचा.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. आम्ही दोघंही गोरेगावचे आणि दोघंही रोज हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जाणारे. तो काट्यावर पोती मोजायचा, मी चाळणीवर माल चाळायचे. जायला गफूरची जीप होती. नऊ माणसांच्या जीपमध्ये गफूर पंधरा बसवायचा आणि वर म्हणायचा, "जरा सरको मावशी, अपनेच लोगां हैं." त्या अपनेच लोगांच्या कोपरांनी माझ्या बरगड्या दुखायच्या.

गफूरच्या जीपमध्ये टेप होता, पण कॅसेटी नव्हत्या. किसनरावाकडे कॅसेटी होत्या, पण टेप नव्हता. दोघांचं जमलं, आणि मधल्या मधे आम्ही भरडलो. किसनराव कापडी पिशवीत दहा-बारा कॅसेटी घालून यायचा. माणसं चढायला लागली की तोंडातल्या तोंडात मोजायचा, "लाभ, दोन, तीन..." मापाडी लोक एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी चढताना कधी कधी 'लाभ' व्हायचे. त्याचा लाभ मला कधी झाला नाही.

कोणती कॅसेट कुठे वाजवायची, याचेही त्याचे नियम होते. गावातून निघताना भारूड, कारण सकाळी डोकं मोकळं असतं. पहिला फाटा ओलांडला की हसण्याच्या गोष्टी. वळणावळणाच्या रस्त्यात गाणी नाहीत, कारण ठेका धरला की गफूरचं स्टेअरिंगही ठेका धरतं. हे एक मात्र खरं होतं. आणि संध्याकाळी परतताना कीर्तन.

"दिवसभर मोंढ्यात खोटं बोलतो आपण," तो म्हणायचा. "घरी जाताना धुऊन जावं."

"मी कोणाशी खोटं बोलू?" मी म्हणायचे. "चाळणीशी?"

पहिली काही वर्षं तो मागे आमच्यातच बसायचा. कॅसेट पुढे वाजायची, आणि कोणी बोललं की हा डोळे मिटून बोट वर करायचा. मग एके दिवशी काय डोक्यात आलं कोण जाणे, तो पुढे गफूरच्या शेजारी जाऊन बसला. तेही सरळ नाही. रस्त्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड. फळ्याला टेकून मास्तर बसावा तसा. एक हात मागे टेपवर ठेवलेला. हसण्याची जागा जवळ आली की म्हणायचा, "आता पाहा!" आणि मग एकेकाच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. जो हसला नाही त्याची हजेरी घ्यायचा.

"काहून? घरी भांडून आले काय?"

मला तर रोजच विचारायचा. मी रोजच भांडून आलेली असायचे.

इथपर्यंत मी सहन केलं. माणसाला काहीतरी खूळ असतंच. कोणी कबुतरं पाळतं, कोणी निवडणुकीला उभं राहतं. पण पुढे या पारखी माणसाने जे केलं त्याला माफी नव्हती. त्याने म्हशीच्या गोष्टीची कॅसेट आणली.

पहिला महिना लोक हसले. मी नाही, पण बाकीचे हसले. सकाळी मारुतीचा पार आला की लोक थोडे हसायचे, मग ओढ्यावरचा छोटा पूल आला की कॅसेटीतली म्हैस ओरडायची आणि जीप खदखदायची. महिन्याभरात ती ऐकून विटले. कोणाला वाटलं, आता हा नवी काढील. पण पिशवी तशीच मांडीवर, तिच्यातल्या कॅसेटी तशाच, आणि टेपात रोज म्हैस. सकाळी म्हैस, संध्याकाळी कीर्तनाच्या जागीही म्हैस. दोन महिने, चार महिने, सहा महिने. ज्या माणसाने अर्धा-अर्धा तास खाऊन हातगाडीवाल्याचा जीव काढला, तो हातगाड्याकडे फिरकेनासा झाला.

आम्ही बोललो नाही असं नाही.

"किसनराव, म्हशीला आता बाजार दाखवा," राठोड गुरुजी म्हणायचे. हे गुरुजी तांड्यावरचे, वाटेतल्या एका शाळेत शिकवायचे. अंगाने किडकिडीत, जीभ मात्र तिखट.

"मामू, कुछ नया लाव ना," गफूर म्हणायचा.

"लोकाचे कान हायेत का उखळ?" मी म्हणायचे.

किसनरावावर काही परिणाम नाही. हसऱ्या तोंडाने सगळ्यांकडे पाहायचा आणि मान हलवून म्हणायचा, "बराबर, बराबर." आणि पुन्हा म्हैस. एवढा मस्तवाल माणूस मी गोरेगावात दुसरा पाहिला नव्हता, आणि गोरेगावात मस्तवालांचा तोटा नाही.

शेवटी राठोड गुरुजींनी बेत केला. त्यांच्या घरी नुकतंच लग्न झालं होतं. तिथली एक कॅसेट त्यांनी आणली. मुलगी सासरी निघते तेव्हा बँडवाले वाजवतात, बायका ऐकून पदर डोळ्याला लावतात, ती. किसनराव गाडीतून खाली उतरून माणसं मोजत होता तेवढ्यात गफूरने टेपातली म्हैस काढून सीटवरच्या पिशवीत टाकली आणि ती रडकी कॅसेट घातली.

जीप निघाली. टेपातून सनई रडायला लागली. मग एक बाई "बाबा, मी चालले" करून हुंदके द्यायला लागली. आम्ही सगळे किसनरावाकडे पाहत होतो. आता चिडेल, मग चिडेल. तो आमच्याकडे पाहून हसत होता. आम्ही त्याच्याकडे पाहतोय हे बघून खूश झाल्यासारखा दिसला. मारुतीच्या पाराजवळ त्याने मान डोलावली. आणि पूल आला, टेपात ती बाई हंबरडा फोडत होती, तेव्हा याने बोट वर केलं.

"आता पाहा!"

जीप हसून फुटली. गुरुजी पोट धरून पुढच्या माणसाच्या मांडीवर पडले. गफूरने गाडी बाजूला घेतली, त्याला समोरचं दिसेना. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. आणि किसनराव? किसनरावाचं तोंड एवढं फुललं होतं की बस. सहा महिन्यांत जीप अशी हसली नव्हती. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता आणि म्हणत होता, "म्हनलं न्हाई? म्हनलं न्हाई म्या?"

"येडा झाला मापाडी," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, अगदी त्याच्या कानाशी. त्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

माझं हसू तिथे थांबलं.

मोंढ्यात गेल्यावर मी चाळणी त्याच्या काट्याजवळ मांडली. मापाड्याचं काम असं की पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्याने पुकारायचं. अडत्याचा मुनीम ते लिहून घेतो. किसनरावाचा आवाज अर्ध्या मोंढ्याला ऐकू जायचा. चौथं का पाचवं पोतं होतं, हमाल मागून ओरडला, "काटा थांबवा, पोतं उसवलं!" हा आपला पुकारतोय. तूर भळाभळा त्याच्या पायावर पडायला लागली. अंगठ्याला दाणे लागले तेव्हा कुठे खाली पाहिलं, आणि मग हमालावरच खेकसला, "तोंड शिवलं काय तुझं?"

हमाल सुतळी शोधायला गेला. लोकांना वाटलं, किसनरावाचा ताठा. मी उठले आणि त्याच्या पाठीमागे दोन हातांवर जाऊन उभी राहिले.

"किसनराव," मी म्हणाले, "तुमचं धोतर सुटलं."

काही नाही. साठीतला माणूस, भर मोंढ्यात, धोतर सुटलं म्हटल्यावर हात कमरेला गेला नाही. तेव्हा मला सगळं कळलं. सहा महिने मी त्याला मस्तवाल म्हणत होते. मी दुसऱ्या कोणाला चुकीचं बोलले तर मला वाईट वाटत नाही. या वेळी थोडं वाटलं. फार नाही.

संध्याकाळी परतताना गफूर फाट्यावर जीप भरायला थांबायचा. जीप भरली तरी तो थांबायचा. बाकीचे बसून राहिले, मी किसनरावाचा हात धरून त्याला चहाच्या टपरीमागे नेलं, बाकावर बसवलं आणि त्याच्या समोर उभी राहिले.

"तुमाला ऐकू येत न्हाई."

"काहून येत न्हाई? समदं येतं."

"मग मी आज सकाळी तुमच्या मागून काय बोलले?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्या पाहण्याची मला सवय होती, पण ते कशासाठी असतं हे आज कळत होतं.

"अक्का," तो हळू म्हणाला, "मोंढ्यात कोणाला बोलू नका. बहिऱ्याच्या हातात काटा कोण देईल? बिल्ला काढून घेतील. माझं काम पुकारायचं हाय, ऐकायचं न्हाई. चालून राहिलं तं चालू द्या."

"चालून राहिलं? पायावर तूर पडली तुमच्या."

"ते समजलं न्हाई. तुमी जरा सावकाश बोला. तुमाला दात न्हाईत, तुमचं समजायला लई तकलीफ होती."

बहिरा माणूस मला दात नाहीत म्हणतो. मी तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की मी मोंढ्यात बोंब मारायला रिकामी नाही, मला माझी चाळणी आहे. आणि उद्यापासून ती चाळणी त्याच्या काट्याशेजारी राहील. कोणी मागून हाक मारली तर मी त्याच्या पाठीत खडा मारीन. त्याने मागे वळून मला शिव्या द्याव्यात, म्हणजे कोणाला संशय येणार नाही.

"मोठा मारू नका," तो म्हणाला.

डावा कान आधी गेला, मग उजव्यात भुणभुण सुरू झाली, मग तीही गेली, असं त्याने सांगितलं. बायको वारून किती तरी वर्षं झाली होती, मुलगा वसमतला. "घरी काही वाटत न्हाई," तो म्हणाला. "घरी बोलतं कोण? जीपमधीच भेव वाटतं. कोणी काही इचारलं अन् म्या भलतंच सांगितलं म्हंजे? टेप जोरात असला का कोणी काही इचारत न्हाई."

"मग एसटीनं जायचं. गुमान कोपऱ्यात बसायचं."

"एसटीत समदे पुढं तोंड करून बसतेत अक्का. लोकायच्या पाठी पाहून म्या काय करू?"

मी चहा मागवला.

"अन् ती म्हैसच काहून लावता रोज?" मी विचारलं. "दुसऱ्या कॅसेटी हायेत की पिशवीत."

"त्या जुन्या. ऐकू येत होतं तव्हाच्या. त्यात हसू कुठं येतं ते इसरलो. ही म्हशीची शेवटची. गाड्यावर लोक पोट धरून हासत होते, ते पाहून घेतली. पहिल्या महिन्यात तुमची तोंडं पाहून पाठ केली, पार आला का थोडं, पूल आला का मोठं. आता नवी घ्यावी तं पारखू कशी?" मग जरा पुढे सरकला. "अक्का, खरं सांगा. त्या पुलावर काय होतं? म्हैस हाय येवढं माहीत हाय. चित्रावर हाय."

म्हणजे सहा महिने त्याने आम्हाला जी ऐकवली, ती त्याने स्वतः ऐकलीच नव्हती.

मग मी टपरीमागे उभी राहून त्याला ती गोष्ट सांगितली. एक गडी बाजारात म्हैस विकतो. घेणारा तिची शिंगं रंगवतो, पाठीवर झूल टाकतो, आणि संध्याकाळी त्याच गड्याला तीच म्हैस दुप्पट भावाने विकतो. गडी घरी निघतो, वाटेत म्हैस आपोआप त्याच्या घराकडे वळते आणि दारात बायकोला पाहून ओरडते. बायको म्हणते, सवत आणली वाटतं. शिंगं दाखवायला मी दोन्ही हात डोक्यावर नेले. म्हैस ओरडते तिथे मी ओरडलेसुद्धा. चहावाला भांडं घासायचा थांबला. माझ्या वयाच्या बाईने करायची ही कामं नव्हेत.

किसनराव लक्ष देऊन पाहत होता.

"अन् मंग?"

"मंग काय? संपली."

"दुसऱ्या बाजूला?"

"दुसऱ्या बाजूला ती म्हैस विती. तिला रेडकू होतं."

मग त्याने पिशवीतून म्हशीची कॅसेट काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि बाकावर आपटली.

"भंगार माल हाय!" तो ओरडला. "ही म्या घेतली? अन् सहा महिने लोकायच्या माथी मारून राहिलो? अक्का, एवढे पंधरा जण बसता तुमी जीपमधी. एकजण तरी काहून बोललं न्हाई मला?"

गफूर हॉर्न वाजवत होता. मी कप खाली ठेवला आणि त्याच्यासमोर तोंड नीट उघडलं.

"बोललो होतो, किसनराव," मी म्हणाले. "समदे बोललो होतो. रोज."