पट्टा एक भोक सैल

मुनीरचाचा पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारायचे नाहीत. आधी त्याच्या घड्याळाचा पट्टा एक भोक सैल करायचे, मग सलाम. घड्याळ नसेल तर राखी, गंडा, दोरा, जे असेल ते. आमच्या जालन्यातल्या मस्तगडात एका नवरदेवाचं कंकण त्यांनी भर वरातीत ढिलं केलं, तेव्हा त्याच्या आईने अपशकुन झाला म्हणून डोळ्यांना पदर लावला. चाचा शांत. "खून जाऊ द्या की हाताला! सबंद संसार करायचाय त्याला या हातानं."

चाचा म्हणजे डॉक्टरकीच्या कॉलेजातले रिटायर शिपाई. पोरं जिथे प्रेतं फाडून शिकतात, त्या हॉलमध्ये तीस वर्षं काढलेली. पोरं डॉक्टर होऊन निघून गेली, चाचांच्या डोक्यात मात्र कोपरापासून पंजापर्यंतचा हात तेवढा कायमचा बसला. पोटाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "ते दुसऱ्या टेबलावर असायचं."

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी यायचे, माझा हात काउंटरवर आडवा घालायचे आणि लाल बॉलपेनने धमन्या काढायचे.

"दिलीप, ही ब्रेकियल. म्हंजे आपलं जालना समज. कोपरापाशी दोन फाटे. अंगठ्याकडं गेली ती रेडियल, अंबडची गाडी. करंगळीकडं गेली ती अल्नर, जाफराबादची. ही अल्नरची पोर, दोन हाडांच्या गल्लीत घुसून राह्यली. अन् तळहातात दोघी पुन्हा गळ्यात गळा घालतात."

अल्नरवर त्यांचा विशेष जीव. "नाडी बघायला सगळे रेडियलकडं पळतात. अल्नर तिच्याहून मोठी, पण खोल. बिचारीला कोन पुसत न्हाई." मग माझ्या मनगटाच्या दोन्ही बाजू दाबून मला मूठ उघडझाप करायला लावायचे. पंजा पांढराफटक पडला की करंगळीच्या बाजूला दाबलेलं आपलं बोट तेवढं उचलायचे. पंजा लाल झाला रे झाला की "आली! अल्नर आली!" असं ओरडायचे. गिऱ्हाइकं दचकायची. मी रात्री साबणाने हात घासत बसायचो आणि चाचांना शिव्या घालायचो.

चाचींचं डायलिसिस चालायचं. त्यांच्या डाव्या मनगटाशी डॉक्टरांनी रेडियल धमनी शिरेला जोडलेली, सुई टोचायला शीर जाड व्हावी म्हणून. पंजा सगळा अल्नरच्या भरवशावर. त्या जोडावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. चाचा रोज सकाळी चहाच्या आधी ते बघायचे. एक दिवस ते बंद पडलं, डायलिसिसचे हाल झाले, आणि दोनेक महिन्यांत चाची गेल्या. हे सगळं मला माहीत होतं. म्हणून माझ्या तोंडून जे निघालं त्याला माफी नाही.

शाळेच्या फॉर्मचे दिवस होते, दुकानात ही गर्दी. चाचा माझा हात सोडेनात. नाडीवर बोटं ठेवून, डोळे मिटून उभे. "थांब जरा, बघून राह्यलो." मशीन अडकलेलं, गिऱ्हाईक बोंबलतंय. माझं डोकं सटकलं.

"एवढं कळतं ना चाचा, मंग चाचींच्या वेळेस कुठं गेल्तं शहाणपण?"

कोणीतरी फिसकन हसलं. चाचांनी डोळे उघडले. "बराबर हाय," म्हणाले. मग त्यांनीच सैल केलेला माझा पट्टा पुन्हा पहिल्या भोकात नीट अडकवून दिला आणि निघून गेले.

आठवड्याने चाचींची बहीण, अंबडची जुबेदाखाला, दुकानात आली. मी चाचांची चौकशी केली, तेव्हा तिच्याकडून कळलं. भाचीच्या लग्नात बांगडीवाला घरी आला होता. डॉक्टरने डाव्या हातात काही घालायचं नाही म्हणून बजावलेलं, तेव्हा चाची नुसत्या बघत बसल्या. चाचांनाच, म्हणजे तिच्या दुल्हाभाईंनाच, राहवलं नाही. "दुल्हाभाई खुदच बोले, पहन ले, एक दिन में क्या होता. हाथ पकड के बैठे." बांगड्या घट्ट बसल्या. लग्नाच्या धांदलीत त्या काढायच्या राहिल्या. सकाळी चाचांनी बोट ठेवलं, तर मनगट गप्प.

जीभ हासडून टाकावी असं झालं मला.

आता चाचा दुकानावरून जातात, पण हात पाठीमागे बांधून. कोणाच्या मनगटाला हात लावत नाहीत. काल मी मुद्दाम पट्टा दोन भोकं आवळून घेतला आणि हात काउंटरच्या बाहेर काढला.

"चाचा, चुकलं माझं. बघा ना जरा, मुंग्या यायल्यात."

ते थांबले. हात मागेच. "तूच कर ढिल्ला."

मी एक भोक सोडलं.

"अजून एक."

तेही सोडलं. मनगटावर वळ उठला होता. तो जाईपर्यंत चाचा उन्हात तसेच उभे राहिले, मग हात मागे ठेवूनच घराकडे गेले.