क्लोतिल्दबाईंचें नांव सांपडलें तें वर्तमान

श्री. वंशाची वेल ज्यांनीं वाढविली त्या सर्व मातांस दंडवत. हकीकत ऐसी जे, शके अठराशें त्र्याण्णव, विरोधकृत् नाम संवत्सरीं, उत्तर दिशेच्या हिमराज्यांत ओनेझीम लाफ्लर म्हणोन वृद्ध गृहस्थ, वय वर्षें ब्यायशीं, जन्मभर अरण्यांत लांकडें तोडोन आतां दुखण्यानें अंथरुणास खिळले होते. फरासीस कुळीचे, पूर्वज तीनशें वर्षांमागें समुद्र उतरोन त्या मुलखीं आले. कन्या एदविजबाई शाळेंत पंतोजीपण करीत आणि पित्याची सेवा करीत. एके दिवशीं पिता बोलिले, "पोरी, माझे आईच्या आत्म्यास शांति मिळावी म्हणोन तिचे नांवें चर्चांत मिस्सेची प्रार्थना व्हावी, येवढीच वासना उरली. मी जन्मलों आणि ती गेली. बाप पुढें तिजविषयीं चकार शब्द बोलिला नाहीं. नांव मारी, येवढेंच ठाऊक." बाई म्हणाल्या, "मग मारीच्या नांवें करूं." तेव्हां वृद्ध कष्टी होवोन बोलिले, "आमचे गांवीं घरटी चार मारी. त्यांत माझी कोण, हें देवानें कैसें ओळखावें? आणि तिनें मला पाहिलें तरी कीं नाहीं, हेंही मज ठाऊक नाहीं." हें ऐकोन बाईंचे डोळां पाणी आलें, आणि दुसरे दिवशीं शेजारणीस पित्यापाशीं बसवोन त्या मोटारीनें वडिलांचे जन्मगांवीं गेल्या, आणि तेथें चर्चचें दफ्तर सांभाळणाऱ्या युलाली नामें वृद्ध संन्यासिणी होत्या, त्यांस भेटोन जन्ममृत्यूच्या वह्या मागितल्या. मग सकाळपासोन दोन प्रहरपर्यंत पानें चाळिलीं, परंतु लाफ्लर नामें एकही मनुष्य सांपडेना, आणि मारी तों पानोपानीं. बाई हताश होवोन वही मिटूं लागल्या, तेव्हां युलालीबाई हंसोन बोलिल्या, "अहो, लाफ्लर म्हणजे फूल. हें कोणा शिपाई पूर्वजाचें पलटणींत पडलेलें नांव. मूळ आडनांव निराळें असेल. घरीं कांहीं ऐकिलें?" बाईंस आठवलें जे, आजोबांच्या कबरीचे दगडावर लाफ्लराआधीं गिबो ऐसें कोरलें होतें. "मग गिबो पहा," युलालीबाई बोलिल्या, "आणि आमचे लोकांत मुलगी जाहली कीं आधीं मारी, मुलगा जाहला कीं आधीं जोझेफ, हाक मारावयाचें नांव सर्वांचे शेवटीं. आणि बायको नवऱ्याच्या नांवें शोधूं नका. वहींत स्त्री मरेतों बापाच्याच आडनांवाची." ऐसें सांगोन त्यांनीं चष्मा पुसला आणि आपणही शेजारीं बसल्या.

मग घटकेभरांत पान सांपडलें. बालक जोझेफ ओनेझीम, पिता गिबो, माता मारी आन क्लोतिल्द बोशमँ. खालीं पाद्रीबावांनीं दोन ओळी ज्यादा लिहिल्या होत्या जे, मातेची प्रकृति कठीण, सबब बाप्तिस्मा घरींच दिला. मातेनें लेंकरूं छातीशीं धरोन तीन वेळां नांवानें हाकारिलें, आणि सूर्यास्तीं निवर्तली. बाईंस पुढील अक्षर दिसेना, मग युलालीबाईंनीं तें मोठ्यानें वाचिलें आणि नक्कल करोन दिली.

बाई परतोन आल्या आणि पित्याच्या उशाशीं बसोन कागद जैसा होता तैसा वाचोन दाखविला. ओनेझीमांनीं कागद आपले हातीं मागोन घेतला. मग "क्लोतिल्द" म्हणाले, आणि हळूच पुनः "क्लोतिल्द". बाईंनीं विचारिलें, "बाबा, मिस्सा रविवारींच सांगूं?" ते बोलिले, "सांग. परंतु पहिली त्या पाद्रीबावांची. ह्या दोन ओळी लिहा म्हणोन त्यांस कोण सांगावयास गेलें होतें? दुसरी आईची." नकलेंत पाद्रीबावांची सही उतरोन घ्यावयाची राहिली होती, सबब बाईंनीं युलालीबाईंस फोन केला आणि तेंही नांव मिळविलें. रविवारीं वृद्धास खुर्चींत बसवोन चर्चांत नेलें, आणि दोन्ही नांवें त्यांनीं आपले कानीं ऐकिलीं.

सारांश, ओनेझीम हिंवाळ्याआधीं समाधानानें वारले. पाद्रीबावांस मुलबाळ नव्हतें, त्यांची आठवण करणारें कोणी उरलें नव्हतें; तें लाफ्लरांनीं आपले माथां घेतलें. दर वर्षीं आधीं त्यांची मिस्सा, मग क्लोतिल्दबाईंची, मग ओनेझीमांची, ऐसा क्रम एदविजबाईंनीं चालविला. इत्यलम्.