काहीच न मिळणारी दोन माणसं

"उद्या येताना दोन साक्षीदार आणा," वकीलबाई फोनवर म्हणाल्या. "फक्त ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, ते नकोत हं."

यात काय अवघड, शिंपीबुवांना वाटलं. काही न मिळणारे पायलीचे पन्नास सापडतील!

घर बायकोच्या नावावर करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मुलं चांगली होती, पण आपल्यामागे तिला कुणाच्या तोंडाकडे बघत राहावं लागू नये, या विचारानं त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तिला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मरणाचा विषय काढला की ती भांडी आपटायची.

आधी त्यांनी मेहुण्याला गाठलं.

"साक्षीदार? म्हणजे मला काहीच नाही?" मेहुण्याचा चेहरा पडला. "मला काही नकोच आहे, दाजी. पण तुम्ही आधीच ठरवून मोकळे झालात!"

शिंपीबुवा पडले भिडस्त. "छे रे! शिलाई मशीन तुलाच की!"

सुईत दोरा ओवता न येणारा माणूस मशीनचा वारस झाला आणि साक्षीदार म्हणून बाद!

मग ते शेजाऱ्यांकडे गेले. मशीनचं ऐकून शेजारी म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही परकेच."

झालं! बाहेरच्या खोलीतला पुरुषभर उंचीचा आरसा त्यांना कबूल झाला.

घरी बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. भावानं फोनवर सगळं ओकलं होतं.

"साक्षीदार मिळेनात? मी येते की! शिंप्याची बायको मी, आजवर एक ब्लाउज वेळेवर मिळालेला नाही. माझ्याइतकं काही न मिळालेलं माणूस आहे का दुसरं?"

"तू चालणार नाहीस गं."

"का? मला सही येत नाही?"

"घर तुला आहे. तुझ्या एकटीच्या नावावर."

ती मटकन खुर्चीत बसली. "मला न विचारता मरायची तयारी चाललीय होय?" म्हणाली आणि रडायलाच लागली. शिंपीबुवांनाही हुंदका आवरेना.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"आणि घरातलं सामान?"

"तेही तुझंच."

"सगळं?"

"सगळं."

तिनं भावाला फोन लावला. "अरे ऐक, उद्या इस्त्रीचा शर्ट घालून ये. तुला काहीही मिळणार नाहीये. आणि येताना शेजारच्यांनाही तेवढंच सांग."